मटार घरी साठवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडली की आमच्या सोसायटीच्या दाराशी टेम्पो लागतो. "ताई, पाच किलो घ्या, कमी लावतो," असं म्हणेपर्यंत शेंगा पिशवीत पडलेल्या असतात. मग रात्री टीव्हीसमोर घरातल्या प्रत्येकाच्या मांडीवर एकेक ताट. या दिवसांत जावा, मैत्रिणी, शेजारच्या नव्या सूनबाई सगळ्याच तेच तेच विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. बरीच उत्तरं आधी मटार वाया घालवून मिळालेली आहेत.

साठवणीचे मटार नेमके कधी घ्यावेत?

पुण्याकडे मटाराचे दोन हंगाम. पावसाळ्यात सासवड-पुरंदर भागातला वाटाणा येतो. तो जवळून येतो, त्यामुळे ताजा असतो आणि चवीला गोड लागतो. पण शेंगा ओल्या असतात, पिशवीत एक रात्र राहिल्या तरी बुरशीचे डाग दिसायला लागतात. भावही चढा असतो. हा मटार आणावा आणि त्याच दिवशी उसळ करून संपवावा. थंडीत मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, पंजाब इथला माल यायला लागतो. जबलपूरचा मटार तर प्रसिद्धच आहे. आवक वाढली की भाव उतरतो, आणि साठवायचे मटार तेव्हाच घ्यायचे. मी डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभरात घेते. फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं की दाणा झपाट्याने निबर होतो, मग स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

बाजारात शेंग कशी पारखायची?

भरलेल्या पोत्यात मधोमध हात घालून बघा. आत उबदार लागलं तर ते पोतं सोडून द्या. तोडल्यानंतरही शेंग श्वास घेत असते, आणि मटार या बाबतीत फार जोरकस आहे. ढीग करून ठेवला की स्वतःच्याच उष्णतेने तापतो. तापलेला मटार आपली साखर खाऊन बसलेला असतो.

दुसरी खूण आवाजाची. चार शेंगा मुठीत धरून एकमेकींवर घासल्या की ताजी शेंग कुरकुरते. शिळी गप्प बसते. सालीवर फिकट जाळी उठलेली, टम्म फुगलेली, पिवळट झाक असलेली शेंग म्हणजे आत निबर दाणा. पांढरी पावडर दिसली तर ती भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. बारीक भोक दिसलं तर आत अळी आहे, किंवा नुकतीच निघून गेली आहे. आणि शेवटी, भाजीवाला कितीही रागाने बघू दे, एक शेंग सोलून दाणा कच्चा खाऊन बघाच. कच्चा गोड नसलेला मटार फ्रीझरमध्ये जाऊन गोड होत नाही.

आणल्या दिवशीच सोलायला हवेत का? रविवारी निवांत सोलले तर?

मला विचाराल तर सगळ्या प्रश्नांत हाच मोठा. लोक साखर किती, मीठ किती विचारतात, पण शेंग किती वाजता आणली हे कुणी विचारत नाही. शेंग वेलीवरून तुटली की दाण्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो. स्वयंपाकघरात उघड्यावर राहिल्या तर काही तासांतच चवीत फरक पडतो, दुसऱ्या दिवशी तर तो स्पष्ट कळतो. गारव्यात हे काम फार मंद चालतं. आपल्या हातात येईपर्यंत परराज्यातल्या शेंगेचा एखाद-दुसरा दिवस आधीच गेलेला असतो, त्यात आपला रविवार मिळवायचा नाही.

तेव्हा ज्या दिवशी सोलायला माणसं घरात आहेत, त्याच दिवशी मटार आणावेत. नाइलाजच झाला तर शेंगा न धुता, न सोलता, पिशवीचं तोंड सैल ठेवून फ्रीजमधल्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. तीन-चार दिवस बऱ्या राहतात. सोललेले दाणे मात्र दोन दिवसांच्या वर ठेवू नयेत, ते चिकट व्हायला लागतात आणि एक आंबूस वास धरतात.

पाच किलो शेंगांत दाणे किती निघतात?

चांगल्या भरलेल्या शेंगा असतील तर किलोला अर्ध्या किलोच्या थोडं खाली. पाच किलोचे साधारण दोन ते सव्वादोन किलो दाणे धरा. चौघांच्या घराला उसळ, पोहे, भात, मधूनच पॅटिस असा वापर असेल तर दहा किलो शेंगा उन्हाळा काढून देतात. पण एका रात्रीत दहा किलो आणू नका. अंगठ्याचं नख हिरवं होऊन दुखायला लागतं ते वेगळंच, आणि फ्रीझरलाही एका वेळी इतकं गोठवणं झेपत नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

उकळत्या पाण्यातून न काढता कच्चेच फ्रीझरमध्ये टाकले तर चालतात का?

माझी एक जाऊबाई कायम कच्चेच ठेवते आणि तिची उसळ चांगली होते. कारण तिचे मटार महिन्या-दीड महिन्यात संपतात. तुमचेही तेवढ्यात संपणार असतील तर खुशाल कच्चे ठेवा.

त्यापुढे मात्र कच्चा मटार हळूहळू बिघडतो. गोठवल्यावर दाण्यातली विकरं (एन्झाइम) मंदावतात, पण पूर्ण थांबत नाहीत. त्यातलं एक विकर दाण्यातल्या थोड्याशा स्निग्धांशावर काम करत राहतं, आणि तीन-चार महिन्यांनी पिशवी उघडली की सुक्या गवतासारखा वास येतो. हिरवा रंगही मातकट होतो. उकळत्या पाण्यात दीड मिनिट राहिलं की ही विकरं निकामी होतात. दाणा शिजवणं हा त्यामागचा हेतूच नाही. त्यामुळे "अर्धवट शिजवून घ्या" असं जे सांगतात ते फसवं आहे. ते ऐकून लोक पाच-सात मिनिटं उकळत ठेवतात आणि मग मटार मऊ पडले म्हणून हळहळतात.

मग नीट पद्धत सांगा.

आधी सगळी मांडामांड करून घ्यायची, कारण एकदा पाणी उकळलं की वेळ मिळत नाही. सर्वांत मोठं पातेलं घ्या. अर्धा किलो दाण्यांना चार लिटर पाणी हवं. हे ऐकून सगळ्यांचे डोळे मोठे होतात, पण पाणी कमी असलं की दाणे पडताच ते थंडावतं, पुन्हा उकळायला तीन-चार मिनिटं घेतं, आणि तेवढा वेळ दाणे कोमट पाण्यात भिजत बसतात. दाणे टाकल्यावर मिनिटाच्या आत पुन्हा उकळी फुटली पाहिजे. फुटत नसेल तर दाणे कमी घ्या. छोटं पातेलं असेल तर पावशेराचा घाणा करा, त्यात कमीपणा नाही.

दाणे धुऊन, किडके, फुटके आणि पिवळे वेचून काढा. लहान-मोठे दाणे अगदी वेगळे करायची गरज नाही, पण फार निबर असतील ते बाजूला काढून त्यांची त्याच दिवशी उसळ लावा. गोठवायचे वेगळे, शिजवायचे वेगळे.

पाण्याला खळखळून उकळी आली की दाणे घाला. पुन्हा उकळी फुटली की घड्याळ लावा. दीड मिनिट. फोनवर लावा, अंदाजाने नाही. दाण्याचा रंग एकदम उजळतो, हिरवा असा की बघत राहावं. तो क्षण फसवतो, वाटतं झालं. पण दीड मिनिट होऊ द्या. मग लगेच मोठ्या चाळणीत उपसा आणि बर्फाच्या पाण्यात बुडवा. नळाचं पाणी जानेवारीत गार असतं, तरी बर्फ लागतोच. आदल्या रात्री दोन-तीन वाडग्यांत पाणी गोठवून ठेवलं तर फ्रीजचे इवलेसे ट्रे रिकामे करत बसावं लागत नाही. जेवढा वेळ उकळलं त्याहून थोडा जास्त वेळ गार पाण्यात ठेवा. एक दाणा चावून बघा, आतून गार लागला की काढा. फार वेळ बुडवून ठेवू नका, पाण्यात जीवनसत्त्व आणि गोडी दोन्ही उतरतात.

आता वाळवणं. लोक इथेच घाई करतात. दाणे चाळणीत दहा मिनिटं निथळले, मग जुन्या सुती पंचावर किंवा धोतराच्या फडक्यावर पंख्याखाली एक थर पसरले. वीस मिनिटांनी हात फिरवला तर ओल लागायला नको. उन्हात ठेवू नका.

मग ताटात एक थर, ताट उघडंच फ्रीझरमध्ये, तीन-चार तास. दाणे खड्यासारखे वाजायला लागले की पिशवीत भरा, हवा काढा, तोंड बंद करा, वर तारीख लिहा. एका पिशवीत एका भाजीला लागतील एवढेच भरा. मोठी पिशवी रोज उघडली की रोज थोडी दमट हवा आत जाते.

पाण्यात साखर, मीठ, सोडा काय घालावं?

काहीच घालू नये. साखर चमचाभर घातली तरी चार लिटर पाण्यात आणि दीड मिनिटात दाण्यात काय शिरणार? मन राखायला घालत असाल तर घाला. मिठाचंही तसंच. सोड्याने रंग टवटवीत दिसतो हे खरं, पण साल सैल होऊन दाणा पिठूळ होतो आणि क जीवनसत्त्व झपाट्याने जातं. लग्नकार्याचे आचारी सोडा घालतात, कारण त्यांना तासाभरात वाढायचं असतं. आपल्याला सहा महिने ठेवायचं आहे.

पाण्याबद्दल एक सांगायला हवं. बोअरचं जड पाणी असेल तर दाण्याची साल चिवट होते, कारण त्यातलं कॅल्शियम सालीला घट्ट करतं. शक्य असेल तर पिण्याचं पाणी वापरा.

मिठाचा एक वेगळा उपयोग मात्र गमतीचा आहे. मटार डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत दाणे मिठाच्या दाट पाण्यात सोडून कोवळे-निबर वेगळे करतात. स्टार्च वाढलेला निबर दाणा जड असतो, तो तळाला जातो. कोवळा तरंगतो. घरी एकदा मुलांना करून दाखवा. रोज करायची गरज नाही, दात सांगतातच.

माझ्या मटाराचा दगड होतो. असं का?

ओल राहिली म्हणून. पहिल्या वर्षी मी सहा किलोंचे दाणे निथळल्या निथळल्या दोन मोठ्या पिशव्यांत कोंबले. मार्चमध्ये वाटीभर मटार हवे होते, तर यजमानांनी पिशवी ओट्यावर आपटली. ओट्याची फरशी तडकली, मटार तसेच. तेव्हापासून आमच्याकडे ताटाशिवाय मटार गोठत नाहीत.

ताट ठेवायला फ्रीझरमध्ये जागाच नसेल तर पिशवी आडवी टाकून दाणे पातळ थरात पसरा आणि तासाभराने बाहेरून हाताने चोळून मोकळे करा. दोनदा केलं की पुरतं.

एका दाराच्या फ्रीजमधल्या छोट्या कप्प्यात टिकतात का?

टिकतात, पण वर्षभर नाही. दीर्घ साठवणीला उणे १८ अंश सेल्सिअस लागतं. फ्रीजच्या आतल्या बर्फाच्या छोट्या कप्प्यात बहुधा तेवढी थंडी नसते. काही फ्रीजवर कप्प्याच्या दारावर चांदणीच्या खुणा असतात. एक चांदणी म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. बाहेर चिकटवलेले वीजबचतीचे तारे वेगळे, त्यांचा इथे संबंध नाही. एक-दोन चांदण्यांच्या कप्प्यातले मटार महिन्या-दोन महिन्यांत संपवा.

आणि एका दिवशी किती भरायचे? नेहमीच्या दोन दारांच्या फ्रीजचा फ्रीझर साठ लिटरच्या आसपास असेल तर दिवसाला दोन-अडीच किलो दाणे, त्याहून जास्त नाही. जास्त कोंबले की सगळेच सावकाश गोठतात, दाण्यात बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि पेशी फाटतात. मग शिजवल्यावर दाणा सुरकुततो. कारखान्यातला गोठवलेला मटार टपोरा राहतो तो याचमुळे, तिथे दाणे थंड हवेच्या झोतात काही मिनिटांत गोठतात.

वीज गेली तर?

पहिलं काम, दार उघडू नका. गच्च भरलेला फ्रीझर न उघडता जवळजवळ दोन दिवस गारवा धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. रोजच्या चार-सहा तासांच्या भारनियमनाने पिशव्यांना फारसा धोका नाही.

बाहेरगावी जाताना मी एका वाटीत पाणी गोठवून वर एक रुपयाचं नाणं ठेवते. परत आल्यावर नाणं वरच असेल तर काळजी नाही. बुडालेलं असेल तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. वितळलेल्या मटारात अजून बर्फाचे कण लागत असतील तर पुन्हा गोठवता येतात, चव थोडी उतरते एवढंच. कोमट झाले असतील, किती वेळ तसे होते कळत नसेल, तर टाकून द्या.

किती महिने टिकतात?

नीट उणे १८ ला असतील तर आठ ते दहा महिने सहज. त्यापुढेही खायला वाईट नसतात, नुसते बेचव होतात. पिशवीच्या आत बर्फाचा चुरा साठलेला आणि दाण्यावर पांढरट सुके डाग दिसले तर दाण्यातलं पाणी उडून गेलंय. असे मटार भरीताच्या फोडणीत किंवा सूपमध्ये घालून संपवावेत.

फ्रीझर नाही. बरणीत पाणी-मीठ घालून, झाकण घट्ट लावून ठेवले तर?

नको. अजिबात नको. बाकी सगळ्या ठिकाणी चूक झाली तर मटार बिघडतील, इथे माणूस जाईल. लोणचं टिकतं ते आंबटपणा, मीठ आणि तेलामुळे, मुरंबा टिकतो तो साखरेमुळे. मटारात यातलं काहीच नाही. आंबटपणा कमी आणि हवा बंद, अशा बरणीत बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढतात आणि त्यांचं विष रंग, वास, चव काहीही न बदलता तयार होऊ शकतं. त्यांची बीजं उकळत्या पाण्यात तासन्‌तास तग धरतात. ती मरायला ११६ ते १२१ अंश उष्णता ठरावीक वेळ लागते, त्यासाठी दाबावर चालणारी खास यंत्रं आणि तपासलेले तक्ते असतात. आपला शिट्टीचा कुकर तेवढ्या उष्णतेजवळ जातो म्हणून बरण्या त्यात बसवायची कल्पना कुणी सुचवली तर ऐकू नका. मोबाइलवर फिरणारे "वर्षभर फ्रीजशिवाय मटार" चे व्हिडिओ बघून तर नक्कीच नाही.

मग वाळवून ठेवता येतील?

येतील. फ्रीझर नसलेल्यांना तोच मार्ग. दाणे दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून, गार करून, पुसून, पातळ कापडाखाली वाळवायचे. विजेचं वाळवणी यंत्र असेल तर ६० अंशावर आठ-दहा तास. देशावर फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत गच्चीत तीन-चार दिवस लागतात, रात्री आत घ्यायचे. कोकणात, मुंबईत हवेतला दमटपणा सोडत नाही, तिथे उन्हाच्या भरवशावर राहू नये. दाणा सुरकुतून दाबल्यावर टणक लागला, नखाने दबला नाही, की झालं. ताज्या दाण्यात जवळपास ऐंशी टक्के पाणीच असतं, त्यामुळे किलोभर दाण्यांची पाव किलोही साठवण होत नाही. वापरताना दोन-तीन तास कोमट पाण्यात भिजवा. पुलावात छान लागतात, उसळीत ताज्याची सर नाही.

पण दुकानातला सुका वाटाणा गोल असतो, माझा सुरकुतलेला का?

कारण ती वेगळी जात. रगड्याचा वाटाणा वेलीवरच पिकून वाळतो, त्यात स्टार्च भरपूर आणि साखर कमी. भाजीच्या गोड जाती, म्हणजे अर्केल, बोनव्हिल वगैरे, यांचं बी वाळल्यावर सुरकुततं. मेंडेलने एकोणिसाव्या शतकात ज्या गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांवर आनुवंशिकतेचे प्रयोग केले, तीच ही खूण. १९९० मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी तिचं कारण शोधलं. सुरकुतलेल्या वाटाण्यात स्टार्च घडवणारं एक विकर नीट बनत नाही, त्यामुळे साखर उरते, साखर पाणी ओढून धरते, आणि दाणा वाळला की पाणी जाऊन साल सैल पडते. म्हणून तुमचा मटार सुरकुतला तर वाईट वाटून घेऊ नका, जात गोड होती.

सोललेले सुटे मटार विकत मिळतात, ते घेऊन साठवावेत का?

मी घेत नाही. कधी सोललेत कळत नाही, आणि काही वेळा रंग लावलेला असतो. एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, सुचवलेली घरगुती तपासणी सोपी आहे. काचेच्या पेल्यात थोडे दाणे, वर पाणी, ढवळून अर्धा तास ठेवा. पाणी हिरवं झालं तर दाणे कचऱ्यात.

वापरताना आधी वितळवायचे का?

उसळ, पोहे, भातात थेट फ्रीझरमधून घाला. वितळवत बसलात तर दाणा लिबलिबीत होतो. मटाराच्या करंज्यांच्या सारणाला मात्र वितळवून, निथळून, मग भरड वाटून परता, नाहीतर सारण पाणी सोडतं आणि करंजी तेलात फुटते. हे मटार आधीच दीड मिनिट उकळलेले आहेत हे लक्षात ठेवून शिजवायचा वेळ कमी करा. टोमॅटो, लिंबू, चिंच शेवटी. आंबट लागलं की हिरवा रंग शेवाळी होतो, मग कुणी कितीही सांगितलं तरी पाहुण्यांना शिळाच वाटतो. पहिली दोन मिनिटं झाकणही ठेवू नका.

सालांचं काय करावं?

कोवळ्या शेंगेचं आतलं पातळ पापुद्र्यासारखं अस्तर ओढून काढलं की उरलेली साल गोड लागते. चिरून बटाट्याबरोबर परतून भाजी होते. अस्तर काढायला कंटाळा येतो, म्हणून मी एकदाच करते, मुलगी हट्ट करते तेव्हा. बाकी सालं गावी गाईला, शहरात खताच्या डब्यात.

पावटे, ओली तूर, सोलाणे असेच ठेवता येतात?

येतात, पद्धत तीच. पावट्याचा दाणा जाड, त्याला दोन-तीन मिनिटं द्या. तूर आणि सोलाण्याला दोन. सोलाणे बर्फाच्या पाण्यातून काढल्यावर साली सुटायला लागतात, त्या वेचून काढत बसू नका, आमटीत विरघळतात. ओल्या तुरीचे दाणे मात्र मी दोन पिशव्या जास्तच ठेवते, कारण चैत्रात सासरे त्याचीच आमटी मागतात आणि तोवर बाजारातून तूर गेलेली असते.